हिमातली वाट कशी पडते

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात पसरलेल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतातील माउंट मार्सी हे त्या राज्याचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची १,६२९ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अवघी १७ मीटर कमी आहे. परंतु कळसूबाई सुमारे साडेएकोणीस अक्षांशावर आणि मार्सी चव्वेचाळीस अक्षांशावर असल्यामुळे, जवळजवळ सारख्याच उंचीच्या या दोन डोंगरांवर जानेवारीत चालणे ही दोन सर्वस्वी निराळी कामे ठरतात. उन्हाळ्यात दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून जाणारी मार्सीची वाट ऐन हिवाळ्यात पुरती गाडली जाते, आणि मग ती चालण्याआधी पाडावी लागते. हे वाट पाडण्याचे काम कसे चालते, हे समजल्याखेरीज हिवाळी पदभ्रमणाचे मर्म हाती लागत नाही.

बोलीत आकाशातून पिसासारखे उतरणारे आणि फ्रीजमध्ये गोठणारे, अशा दोन्ही पदार्थांना ‘बर्फ’ हा एकच शब्द चालतो. येथे मात्र पहिल्याला हिम आणि दुसऱ्याला बर्फ म्हटले आहे, कारण हिमात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या स्नोशू या रुंद साधनाचा मुख्य संबंध हिमाशी आहे. नुकत्याच पडलेल्या हलक्या हिमात दहा भागांपैकी नऊ भाग किंवा त्याहूनही अधिक हवाच असते, त्यामुळे नुसत्या बुटाने त्यावर पाऊल ठेवले की ते गुडघ्यापर्यंत, प्रसंगी मांडीपर्यंत खाली जाते. रोपणीच्या दिवसांत भातखाचरात उतरलेल्या माणसाला या अनुभवाची कल्पना येऊ शकेल. फरक इतकाच की चिखल पायाला धरून ठेवतो, तर हिम पायाला आधारच देत नाही. पाठपिशवीसह ८० किलो भरणाऱ्या माणसाचा भार बुटाच्या सुमारे २८० चौरस सेंटिमीटर तळव्यावर येतो. तोच भार सुमारे १,१०० चौरस सेंटिमीटरच्या स्नोशूवर पसरला की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा दाब चौपटीने घटतो. म्हणून स्नोशू घातलेला माणूस हिमावर तरंगत नसला, तरी घोट्यापर्यंत किंवा नडगीपर्यंत रुतून थांबतो आणि पुढचे पाऊल उचलू शकतो.

हे साधन उत्तर अमेरिकेतील क्री, ओजिब्वे, इनू, अबेनाकी अशा आदिवासी समाजांनी पूर्णत्वास नेले, ही गोष्ट आजच्या चकचकीत दुकानांत सहज विसरली जाते. ॲश वृक्षाचे लाकूड वाफेवर वाकवून केलेली चौकट आणि तिच्यात मूस किंवा कॅरिबू या हरणवर्गीय प्राण्यांच्या कच्च्या चामड्याच्या वादीचे विणकाम, असे त्याचे मूळ रूप होते. त्याचे आकारही प्रदेशानुसार ठरत असत : दाट झाडीत वळायला सोपा म्हणून अस्वलाच्या पंजासारखा आखूड व गोल, तर मोकळ्या मैदानासाठी लांब व टोकदार. युरोपीय वसाहतवाल्यांनी ही विद्या त्यांच्याकडूनच घेतली, आणि १३ मार्च १७५८ रोजी याच ॲडिरॉन्डॅक पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लेक जॉर्जजवळ ब्रिटिशांच्या बाजूचे रेंजर आणि फ्रेंच व त्यांचे आदिवासी मित्र यांच्यात झालेली चकमक इतिहासात ‘स्नोशूंवरची लढाई’ याच नावाने ओळखली जाते. आता लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम किंवा कडक प्लास्टिक आले आहे, तळाला बर्फात रुतणारे पोलादी दाते आले आहेत आणि टाचेखाली उभी करता येणारी तारेची कमान आली आहे, जी खड्या चढावर टाच उचलून धरते आणि पोटऱ्यांवरचा ताण हलका करते.

स्नोशू घालून चालायला फारशी शिकवणी लागत नाही. पाय थोडे फाकवून टाकावे लागतात, एका स्नोशूवर दुसरा पडू द्यायचा नसतो आणि मागे पाऊल टाकायचे नसते, कारण मागचे टोक हिमात रुतून माणूस पाठीवर पडतो. वळायचे झाल्यास बैलगाडीसारखे मोठे वळण घ्यावे लागते.

खरी कसोटी लागते ती ताज्या हिमात पहिले पाऊल टाकणाऱ्याची. त्याला प्रत्येक पावलाला गुडघा उंच उचलावा लागतो, स्नोशूवर साचलेले हिम झटकावे लागते आणि भार टाकल्यावर ते हिम दबून स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते. या श्रमांना कोणीही फार वेळ पुरा पडत नाही, म्हणून पुढचा माणूस दमण्यापूर्वीच वाटेतून बाजूला होतो, सर्वांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी येऊन मिळतो. सह्याद्रीत ट्रेकला जाणाऱ्यांना लीडरने सतत पुढे असण्याची सवय असते. येथे मात्र पुढे असणे हा मान नसून पाळी आहे, आणि ज्या मंडळींत ही पाळी कोणी न सांगता फिरत राहते, त्यांची वाट सर्वांत चांगली पडते.

दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे काम बाहेरून दिसत नाही, पण वाटेचे रूप तोच ठरवतो. सोपे म्हणून तो पहिल्याच्या ठशात पाय टाकत नाही, तर दोन ठशांच्या मधे जो उंचवटा राहिलेला असतो त्यावर मुद्दाम पाऊल ठेवतो आणि तो दाबून टाकतो. तिसरा उरलेल्या कडा बसवतो. पाच-सहा जणांची रांग पुढे गेली की मागे वेगवेगळे खड्डे उरत नाहीत, दोन फूट रुंदीची सलग चर तयार होते. दाबल्यामुळे हिमकणांमधली हवा निघून जाते, कण एकमेकांना टेकतात आणि पुढील काही तासांत त्यांच्या स्पर्शबिंदूंवर बर्फाचे बारीक सांधे धरतात. सकाळी भुसभुशीत असलेली ही चर परतताना टणक लागते आणि एका रात्रीनंतर तर जवळजवळ फरसबंदीसारखी होते.

या चरीचा नाश करणारी क्रियाही तितकीच साधी आहे. नुसत्या बुटांनी चालणारा माणूस जागोजागी खोल खड्डे पाडत जातो आणि कुंपणाचे खांब रोवायला खणलेल्या खड्ड्यांसारखे ते दिसत असल्यामुळे त्याला पोस्टहोलिंग म्हणतात. हे खड्डे रात्री गोठले की मागून येणाऱ्याचा घोटा मुरगळायला एवढे कारण पुरते. म्हणूनच ॲडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स या संरक्षित वनक्षेत्रात हिमाची खोली आठ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर झाली की स्नोशू किंवा स्की वापरणे सक्तीचे आहे. या नियमाकडे केवळ दंडाच्या भीतीने पाहणे अन्यायाचे आहे. अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी घ्यायच्या काळजीलाच त्याने कायद्याचे रूप दिले आहे.

लेक प्लॅसिड गावाजवळच्या नेहमीच्या पायथ्यापासून मार्सीपर्यंत जाऊन येण्याचे अंतर सुमारे २४ किलोमीटर आहे आणि डिसेंबरअखेर तेथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे मंडळी उजाडण्यापूर्वीच निघतात. वाटेच्या आरंभी ठेवलेल्या नोंदवहीत किती जण कुठे जात आहेत हे लिहिले जाते. निघताना अंगात थोडी थंडी वाजत असली पाहिजे, हा तिथला पक्का संकेत आहे, कारण घामाने भिजलेला कपडा थांबल्याबरोबर शरीराची ऊब ओढून घेतो, आणि सुती कपडा तर भिजल्यावर लवकर वाळतच नाही. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवतात : पाणी वरून गोठू लागते, त्यामुळे बाटली सुलट केल्यावर बर्फ तळाशी राहतो आणि तोंड मोकळे सापडते. जेवणासाठी थांबणे पाच-दहा मिनिटांचे, तेही आधी जाड जाकीट चढवून.

वर जाऊ लागले की फर आणि स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांची उंची कमी होत जाते. दीड-दोन मीटर हिमावरून चालणाऱ्याचे डोके उन्हाळ्यात हातालाही न लागणाऱ्या फांद्यांना घासू लागते आणि झाडांवर ठोकलेल्या वाटेच्या गोल खुणा कमरेशी येतात किंवा दिसेनाशा होतात. येथेच स्प्रूस ट्रॅप नावाचा धोका असतो. पूर्ण गाडल्या गेलेल्या लहान झाडाच्या फांद्यांखाली हिम नीट भरलेले नसते आणि त्या पोकळीवर पाय पडला की माणूस कमरेपर्यंत किंवा छातीपर्यंत आत जातो. स्नोशू आतल्या फांदीत अडकल्यामुळे त्याला स्वतःहून निघता येत नाही. सोबत्यांना आडवे होऊन, हातांनी हिम उपसून त्याचा पाय सोडवावा लागतो.

सुमारे दीड हजार मीटरच्या आसपास झाडी संपते. पुढचा खडक वाऱ्याने घासलेला आणि गोठलेल्या धुक्याच्या पांढऱ्या पापुद्र्यांनी मढलेला असतो. तेथे पुष्कळदा स्नोशू सोडून बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लांब टोकदार दात्यांचे साचे, बांधावे लागतात. हिमदंशाची सुरुवात गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर मेणासारख्या पांढऱ्या डागाने होते, तो भाग बधिर झालेला असल्याने ज्याला होतो त्याला ते कळत नाही आणि स्वतःचा चेहरा तर कोणालाच दिसत नाही. म्हणून झाडीच्या बाहेर पडल्यावर मंडळी ठरावीक वेळाने एकमेकांच्या तोंडाकडे निरखून पाहतात. मागे फिरण्याची वेळ पायथ्याशीच ठरलेली असते आणि शिखर डोळ्यांसमोर असले तरी ती पाळणारी मंडळीच अनुभवी म्हणावीत.

उतरताना गुडघे किंचित वाकवून टाचेवर भार देत चालले की सकाळच्या चरीतून झपाट्याने खाली येता येते. नेमक्या याच वेळी, वाट टणक झाली आहे असे समजून, पुष्कळजण स्नोशू काढून पाठीला बांधतात. पण ऊन पडले असेल तर दुपारी हिम पुन्हा मऊ झालेले असते, बूट रुततात आणि सकाळभर पाळीपाळीने पाडलेली वाट तासाभरात खड्ड्यांनी भरते. न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे राहणाऱ्या किंवा हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी हा दिवस एकदा जरूर अनुभवावा, स्नोशू भाड्याने मिळतात ते घ्यावेत, आणि गाडीपाशी पोहोचेपर्यंत ते पायांतून काढू नयेत.