पाण्याने थंड होणारा संगणक

कोमट पाण्यात बुडवलेला तांब्याचा ब्लॉक जुन्या टूथब्रशने हलकेच घासला की हिरवट, बुळबुळीत थर सुटू लागतो. त्याखाली दिसतात केसांसारख्या बारीक चिरा. अनेक ब्लॉकमध्ये त्या अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद असतात. प्रोसेसरची उष्णता पाण्यात उतरते ती इथेच; चिरा तुंबल्या की पंप कितीही फिरो, तापमान चढतच जातं.

तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा पाणी साधारण ३,५०० पट उष्णता सामावून घेतं, म्हणून हा सगळा खटाटोप. पण पाणी कोणतं? बोअरवेलचं तर नकोच, नळाचंही नको. त्यातले क्षार आत साचतात. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ रोखणारं औषध, किंवा तयार कूलंट वापरावं. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडणं ही तर मोठीच चूक: दोन धातूंची जणू बॅटरी बनते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं.

साधारण वर्षातून एकदा पाणी बदलावं. नवीन रेडिएटरसुद्धा आधी नीट खळखळून घ्यावा, कारण त्यात कारखान्यातला कचरा राहिलेला असतो. रेडिएटरवरची धूळ झटकताना त्याच्या पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

सीलबंद, तयार कूलर मात्र उघडायचा नसतो. त्याची बाहेरची धूळच काढायची.

जोडणी स्वतः केली असेल, तर पाणी भरल्यावर आधी फक्त पंपाला वीज द्या, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास थांबा. कागद कोरडा राहिला, तरच संगणक सुरू करा.