तत्त्वज्ञान आणि नागपूर

जग मुळात कसे आहे, ते माणसाला कसे कळते आणि त्याने कसे वागावे, या प्रश्नांचा कारणे देत आणि ती कारणे पुन्हा तपासत केलेला विचार म्हणजे तत्त्वज्ञान. यांतील पहिल्या प्रश्नाच्या विचाराला सत्तामीमांसा, दुसऱ्याच्या ज्ञानमीमांसा आणि तिसऱ्याच्या नीतिमीमांसा म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लाखो माणसांनी एकत्र येऊन जाणीवपूर्वक स्वीकारले, असे प्रसंग जगात विरळा असून त्यांतील एक नागपूरचा आहे. १९३५ मध्ये येवल्यात धर्मत्यागाची घोषणा केल्यानंतर दोन दशके विचार करून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी, बौद्ध धम्म स्वीकारला आणि अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानणे, खोटे न बोलणे, मद्य न पिणे अशा या प्रतिज्ञांनी नीतिमीमांसा थेट घराच्या उंबरठ्याआत आणली, आणि हेच त्यांचे मोठेपण आहे. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रज्ञा, म्हणजे चिकित्सक समज, आणि करुणा, म्हणजे सर्व जीवांविषयीचे प्रेम, यांना धम्माचा पाया मानले असून, जगाची उत्पत्ती सांगणे हे धम्माचे काम नव्हे, जगाची पुनर्रचना हे त्याचे काम होय, अशी मांडणी केली आहे. याच शहरात १९९० मध्ये तत्त्वज्ञ दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू करून विवेकवादाचा, म्हणजे पुराव्याच्या प्रमाणातच विश्वास ठेवावा या भूमिकेचा, मराठीतून पुरस्कार केला.