विश्लेषण : चुकलेला एरर कोड दुरुस्त करणे इतके अवघड का असते?

एखाद्या ॲपने फोनमधील फाइल उघडायला सांगितली आणि ती फाइलच नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टिम ॲपला एक आकडा कळवते. लिनक्समध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यातही, तो आकडा आहे २. मागणीच अवैध असेल तर २२. आपल्याला पडद्यावर ‘समथिंग वेंट राँग’ एवढेच दिसते. पुढे काय करायचे हे ॲप मात्र या आकड्यावरून ठरवते.

वाद कशावरून झाला?
डिसेंबर २०१२. लिनक्सच्या वेबकॅम ड्रायव्हरमध्ये बदल झाला. कॅमेऱ्यात नसलेले सेटिंग मागितले की आधी २२ मिळायचा, आता २ मिळू लागला. ‘सापडले नाही’ हे जास्त नेमके, असे वाटू शकते. पण २२ ची सवय असलेली काही ॲप्लिकेशन्स बिघडली. ‘मग चूक ॲप्लिकेशनची’, असा बचाव झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी संबंधितांना जाहीरपणे झापले. भाषा फारच जहाल होती, मुद्दा मात्र बिनतोड. २ हा कोड फाइलचा पत्ता शोधताना वापरायचा. इथे तर कॅमेरा आधीच उघडलेला होता. आणि कर्नल बदलल्यामुळे चालता प्रोग्राम बंद पडला, तर दोष कर्नलचाच. तो बदल मागे घेण्यात आला.

मग मानके कशासाठी?
युनिक्स घराण्यातील सिस्टिम्ससाठी १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे मानक आले. ते कोडची नावे ठरवते, आकडे नाही. ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हा कोड लिनक्सवर सहसा ११, तर मॅकवर ३५ असतो. म्हणून प्रोग्राममध्ये आकडा नव्हे, नाव लिहायचे. (घाईत आकडा लिहिणारे भेटतातच.)

कधी मानकालाही नमते घ्यावे लागते. ‘ही सोय उपलब्ध नाही’ यासाठी दोन नावे आहेत, एक सर्वसाधारण आणि एक नेटवर्कच्या कामासाठी. दोघांचे आकडे वेगळे हवेत, असे मानक सांगत होते. लिनक्समध्ये मात्र दोन्ही ९५. तो बदलला असता, तर आधीच तयार झालेले प्रोग्राम गोंधळले असते. शेवटी २००८ च्या आवृत्तीने आकडा एकच असला तरी चालेल, अशी मुभा दिली.

कोड २५ ची गंमत वेगळीच. जुन्या युनिक्सवर त्याचा संदेश होता, ‘हा टाइपरायटर नाही’. तेव्हा संगणकाला टेलिटाइप यंत्रे जोडलेली असत. पुढे संदेशाचे शब्द बदलले, पण कोडच्या नावातील टेलिटाइपची खूण आणि २५ हा आकडा तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आजही तसाच आहे.