चिनी षष्टिचक्र आणि साहित्यकृतींचा कालनिर्णय

‘लाल महालाचे स्वप्न’ या विख्यात चिनी कादंबरीचा कर्ता त्साओ श्वेछिन केव्हा वारला, हा चिनी साहित्येतिहासातील एक जुना वाद आहे. कादंबरीच्या एका हस्तलिखितातील टीपेत त्याचा मृत्यू ‘रेन-वू’ वर्षाच्या अखेरच्या रात्री झाल्याची नोंद आहे. ती प्रमाण मानल्यास १२ फेब्रुवारी १७६३ ही तारीख येते. परंतु त्यापुढील ‘ग्वेइ-वेइ’ वर्षाच्या वसंतात एका स्नेह्याने त्याला निमंत्रण म्हणून लिहिलेली कविता पुढे करून दुसरा पक्ष म्हणतो, की टीपकाराकडून एका वर्षाची चूक झाली असावी. मृत्यू १ फेब्रुवारी १७६४ रोजीचा असावा. वाद मिटलेला नाही. येथे महत्त्वाचे आहे ते हे, की दोन्ही पक्षांच्या हाती वर्षांचे आकडे नाहीत, केवळ नावे आहेत. आणि ही नावे दर साठ वर्षांनी परत येतात.

या नामपद्धतीचे घटक दोन. एक, दहा ‘दिव्य स्कंध’: जिआ, यी, बिंग, दिंग इत्यादी. दुसरा, बारा ‘भौम शाखा’: त्झ, छौ, यिन, माओ इत्यादी. दोन्ही माला एकदमच एकेक पाऊल पुढे सरकतात. पहिले नाव जिआ-त्झ, दुसरे यी-छौ. दहा स्कंध संपले की अकराव्या शाखेशी पुन्हा पहिला स्कंध जोडला जातो. दहा आणि बारा यांचा लघुतम साधारण विभाज्य साठ असल्याने एकसष्टाव्या पावली जिआ-त्झ परत येते. एकशेवीस जोड्या शक्य असूनही साठच घडतात, कारण विषम स्थानचा स्कंध विषम स्थानच्या शाखेलाच भेटतो. उंदीर, बैल, वाघ इत्यादी जी बारा प्राण्यांची वर्षे लोकव्यवहारात प्रसिद्ध आहेत, ती या शाखांचीच लौकिक रूपे होत. चिनी कालगणना म्हणजे प्राण्यांची वर्षे, ही बाहेरच्या जगाची समजूत मात्र फारच तोकडी आहे.

हे चक्र मुळात वर्षांचे नव्हते, दिवसांचे होते. आन्यांग येथे सापडलेल्या शांगकालीन अस्थिलेखांत (सुमारे इ. स. पू. १२५० ते १०४६) प्रश्नकौलाचा दिवस याच जोडनावांनी सांगितलेला आहे, आणि साठही नावे ओळीने कोरलेले अस्थिखंडही मिळाले आहेत. दहा स्कंधांचा एक ‘दशाह’ होई. त्याच्या शेवटच्या दिवशी पुढच्या दहा दिवसांचे शुभाशुभ विचारले जाई. वू दिंग, त्झू जिआ या शांग राजांच्या मरणोत्तर नावांतही स्कंध आढळतात. दिवसांची ही माळ पुढे तुटली नाही. ‘वसंत आणि शरद’ या बखरीतील पहिल्या सूर्यग्रहणाचा दिवस ‘जी-स’ असा दिला आहे. गणिताने तो २२ फेब्रुवारी इ. स. पू. ७२० ठरतो. ऋतू, मास आणि राजवट यांच्याशी संबंध नसल्यामुळेच या गणनेला इतके दीर्घ आयुष्य लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

वर्षांना ही नावे मिळाली ती बऱ्याच उशिरा, आणि तीही गुरू ग्रहाच्या मार्गाने. गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांची मानून आकाशाचे बारा भाग कल्पिले गेले. गुरूच्या उलट दिशेने फिरणारा ‘थायस्वेइ’ नावाचा एक काल्पनिक सोबती योजून त्याच्या स्थानावरून वर्षाची शाखा ठरविली जाऊ लागली. पण गुरूची खरी प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची आहे, त्यामुळे सुमारे ८६ वर्षांत तो एक भाग पुढे जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात चिनी ज्योतिष्यांनी हा मेळ राखण्याचा खटाटोप सोडून दिला व वर्षचक्र आकाशापासून मोकळे केले.

भारतीय वाचकास हा प्रसंग अनोळखी वाटू नये. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरेही बार्हस्पत्यच. उत्तरेत सुमारे ८५ वर्षांनी एक संवत्सर क्षय करून गुरूशी मेळ राखला जाई, तर दक्षिणेत, आणि म्हणून महाराष्ट्रातही, सुमारे दहाव्या शतकापासून ही क्षयाची पद्धत सुटली. या फरकाची सविस्तर चर्चा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ मधील भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात आहे. तथापि साठ या अंकाच्या साम्यावरून उसनवारीचे अनुमान काढणे उतावीळपणाचे ठरेल. भारतीय चक्र गुरूच्या पाच फेऱ्यांचे आहे आणि त्यातील प्रत्येक नाव स्वतंत्र आहे. चिनी चक्र दहा आणि बारा यांच्या संयोगाचे आहे व ते वर्षांना लागू होण्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे दिवस मोजीत होते.

खरा भेद आणखी एका ठिकाणी आहे. भारतात शकासारखी सलग गणना उपलब्ध होती. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काल आकड्यात सांगितलेला आहे. ताम्रपट-शिलालेखांत शकाशेजारी येणारे संवत्सराचे नाव आकड्याची पडताळणी करते. चीनमध्ये अशी सलग गणना नव्हती. सम्राट आपल्या कारकिर्दीला नाव देई आणि वर्षे त्या नावाने मोजली जात. सम्राट बदलला की गणना पुन्हा एकपासून. या तुटक तुकड्यांखालून वाहणारा एकच अखंड धागा होता, तो षष्टिचक्राचा. वांग शीजृ याने इ. स. ३५३ मधील आपल्या ‘ऑर्किड-मंडप’ प्रस्तावनेत कारकिर्दीचे वर्ष व चक्रनाम दोन्ही दिली आहेत. सू शृ याने १०८२ मध्ये लाल कड्यावरील पहिल्या गद्यकाव्याचा प्रारंभ केवळ ‘रेन-शू’ या चक्रनामाने केला.

चक्रनाम कोणत्याच सिंहासनाचे नसल्यामुळे त्याला राजकीय अर्थही चिकटला. कवी थाओ युआनमिंग (मृत्यू ४२७) याने ४२० मध्ये जिन घराणे संपल्यावर नव्या घराण्याची कारकीर्द-नावे लिहिण्याचे नाकारले व फक्त चक्रनामे वापरली, असे शन यूए याने आपल्या इतिहासग्रंथात नमूद केले. स्वामिनिष्ठेची ही कथा शतकानुशतके प्रिय झाली. पण थाओच्या ज्या कवितांच्या शीर्षकांत चक्रनामे आहेत त्या ४०० ते ४१६ या काळातील आहेत, म्हणजे घराणे पडण्यापूर्वीच्या. कथा गोड असली तरी पुरावा तिच्या बाजूने नाही. मात्र कथेने पुढे आपले काम केले: १६४४ नंतर गू यानवू याच्यासारख्या मिंगनिष्ठ विद्वानांनी नव्या सम्राटांची वर्षनामे टाळून चक्रनामांचा आश्रय घेतला, तेव्हा त्या मौनाचा अर्थ सांगण्याची गरज उरली नव्हती.

या स्वातंत्र्याची किंमत संदिग्धता ही होय. ‘लाल महालाचे स्वप्न’च्या सर्वांत जुन्या पाठाला ‘जिआ-शू’ हे नाव आहे. ते वर्ष १६९४, १७५४ की १८१४? पहिल्या वेळी लेखक जन्मला नव्हता, तिसऱ्यापूर्वी १७९१ मध्ये कादंबरी छापून झाली होती, म्हणून १७५४. असा बाह्य आधार नसेल तेथे साठ वर्षांचे अंतर सहज पडते. अलीकडच्या घटनांना हा धोका नाही: १९११ च्या क्रांतीला ‘शिन-हाय’ एवढे म्हटले तरी पुरते.

चिनी आणि भारतीय अशी दोन्ही चक्रे तिबेटात एकत्र आली. तेथील षष्ट्यब्दाला ‘रबजुंग’ म्हणतात. हा ‘प्रभव’ या संस्कृत शब्दाचा अनुवाद होय. कालचक्रतंत्राच्या परंपरेनुसार पहिला रबजुंग १०२७ मध्ये सुरू झाला. तिबेटी वर्षांना मात्र नावे तत्त्व आणि प्राणी यांच्या जोडीने, चिनी धाटणीची, दिली जातात. १०२७ हे ‘अग्नि-शशक’ वर्ष, म्हणजे चिनी क्रमातील चौथे, दिंग-माओ. म्हणूनच चालू चिनी चक्र १९८४ मध्ये सुरू झाले, तर सतरावा रबजुंग आणि दक्षिणेकडील पंचांगातील प्रभव संवत्सर ही दोन्ही तीन वर्षांनी, १९८७ मध्ये.