पुढचे ब्रेक बदलायचे? आधी अवजारांची पेटी बघा

आम्ही दादरमध्ये बचत गटांचं काम बघतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे फुलबाजार भरतो. नाशिककडची गुलाबाची गाडी कसारा घाट उतरून येते, पुणे-साताऱ्याकडची झेंडूची गाडी बोरघाट उतरून येते. तुमच्या गटाची किंवा घरची गाडी असा माल आणत असेल, तर आजची माहिती तुमच्या कामाची.

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं. त्यामुळे थांबवण्याचा जास्त भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि त्याचे पॅड लवकर झिजतात. पॅड घरी बदलता येतात, पण अवजारं पुरी हवीत. त्यांचे तीन भाग करू या.

पहिला भाग, गाडी धरून ठेवणारी अवजारं. जॅक, दोन लोखंडी घोड्या आणि मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. तो घसरतो, कधी दाब सुटून खाली बसतो. गाडी उचलली की घोड्यांवर टेकवायची, मगच हात घालायचा. घोडीऐवजी विटा किंवा दगड कधीच लावू नका. वीट न सांगता फुटते आणि खाली आपलाच माणूस असतो. जागा सपाट आणि टणक हवी. शेणानं सारवलेलं अंगण किंवा माती नको. पैसे कमी असतील तर बाकी काही उसनं आणा, पण घोड्या चांगल्याच घ्या.

दुसरा भाग, उघडणारी अवजारं. चाकाचा पाना लागतो. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, पूर्ण काढायचे गाडी उचलल्यावर. ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट सोडवायला रिंग पाना किंवा सॉकेट सेट हवा. लहान गाड्यांना बहुधा १२ ते १७ मिलिमीटरचे पाने लागतात, काहींना एलन की. बोल्टवर पक्कड चालवू नका. कोपरे झिजले की तो निघत नाही. शेवटी बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायला टॉर्क रेंच लागतो. किती जोर, ते गाडीच्या पुस्तकात किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारा.

तिसरा भाग, पॅड बसवण्याचं सामान. सुतार वापरतात तो सी-क्लॅम्प घ्या. कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलायला तो लागतो. ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून सांडत नाही ना, ते बघा. हे ऑइल रंग खातं. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनर आणि उष्णता सोसणारं ग्रीस जवळ ठेवा. ग्रीस फक्त सरकत्या पिनांना; पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोटही लावायचं नाही. धूळ फुंकू नका. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क आणि हातमोजे घाला.

ही अवजारं रोज लागत नाहीत. म्हणून आम्ही म्हणतो, कृषी अवजार बँकेसारखी गटाची एक पेटी करा. मुंबईला येणं झालं तर दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलनं मस्जिद स्टेशनला उतरा. नागदेवी स्ट्रीटवर हातअवजारांची दुकानं आहेत. पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवा. कोण नेलं, कधी परत आलं, ते वहीत लिहा.

पहिल्या वेळी जाणकार मेकॅनिक शेजारी हवाच. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदमच बदला. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबा. पहिल्या दाबाला ते सैलच जातं, म्हणून हे विसरलात तर गाडी थांबणारच नाही. मग सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा. ऑइल गळत असेल, डिस्कला भेग असेल किंवा पेडल बसतच राहत असेल, तर ती गाडी घाटात न्यायची नाही, मेकॅनिकलाच दाखवायची.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गाडीला घोड्या आहेत का? उत्तर नाही असेल, तर खरेदीची सुरुवात तिथूनच करा.