जुन्या मोटारीचा पितळी भाग नव्याने घडवताना

पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा पूर्वापार प्रसिद्ध आहे. जुन्या मोटारींच्या दिव्यांची कडी, रेडिएटरची टाकी, हॉर्नचा भोंगा हेही बहुधा पितळेचेच असत. असा भाग दुकानात किंवा भंगारात मिळाला नाही, तर ओतून घेता येतो. मूळ भाग वाळूत तसाच दाबून साचा केला, तर नवा भाग लहान निघतो; कारण पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. म्हणून १०० मिलिमीटरच्या कड्यासाठी नमुना १०१.५ मिलिमीटरचा करतात. लेथवर कातायच्या जागी आणखी जाडी ठेवतात. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग मात्र असे ओतून घेऊ नका. मोडका मूळ तुकडाही फेकू नका. नव्याचे माप त्यावरूनच मिळते.