गॅमा-किरणांचे स्फोट व त्यांची उत्तरप्रभा

पावसाळी रात्रीं दूर क्षितिजावर वीज लवते. ती कोठें लवली हें पाहण्यास मान वळवावी, तों पुन्हा सर्वत्र काळोख. ती किती लांब होती हें निदान मागाहून येणाऱ्या गडगडाटावरून अजमावतां येतें. पण ज्या विजेच्या मागें गडगडाटच नाहीं, तिचें अंतर कसें ठरवावें? गॅमा-किरणांच्या स्फोटांनीं ज्योतिर्विदांना जवळजवळ तीस वर्षें ह्याच कोड्यांत टाकलें होतें.

हे स्फोट सांपडले तेही आडवाटेनें. १९६३ सालीं अमेरिका, ब्रिटन व सोव्हिएट रशिया यांनीं वातावरणांत, समुद्रांत व अंतराळांत अण्वस्त्रांच्या चाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला, तरी विश्वास नव्हता. चोरून झालेल्या चाचणीचे गॅमा-किरण पकडतां यावेत म्हणून अमेरिकेनें 'वेला' नांवाचे उपग्रह पृथ्वीभोवतीं पहाऱ्यास ठेवले. २ जुलै १९६७ रोजीं त्यांवर गॅमा-किरणांचा एक झोत नोंदला गेला. त्यांत अणुस्फोटाची खूण मात्र नव्हती. पुढें तसेच आणखी झोत आले. निरनिराळ्या उपग्रहांवर ते पोहोंचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून ते पृथ्वीचे नव्हेत, सूर्याचेही नव्हेत, असें ठरलें. १९७३ सालीं क्लेबेसाडेल, स्ट्राँग व ओल्सन यांनीं अशा १६ स्फोटांची हकीकत प्रसिद्ध केली. पहारेकऱ्याच्या हातीं चोर लागला नाहीं. लागलें तें अगदींच निराळें घबाड.

गॅमा-किरण पृथ्वीचें वातावरण गिळून टाकतें, म्हणून ते टिपावयास अंतराळांतच जावें लागतें. तेथेंही साध्या भिंगानें वा आरशानें ते एकत्र आणतां येत नाहींत. त्यामुळें त्यांची दिशा ढोबळच कळते. १९९१ ते २००० पर्यंत फिरत असलेल्या कॉम्प्टन वेधशाळेनें असे २७०० हून अधिक स्फोट नोंदले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यांत न दाटतां सर्व बाजूंना सारखे विखुरलेले दिसले. तरीही वाद मिटेना. अंगणांतील पणती व दूरच्या डोंगरावरील वणवा अंधारांत सारखेच दिसूं शकतात. १९९५ सालीं वॉशिंग्टन येथें ह्यावर जाहीर वादविवाद झाला: स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरांतील, असें डोनल्ड लॅम्ब यांचें म्हणणें, ते विश्वाच्या दूरच्या प्रदेशांतील, असें बोहदान पाचिन्स्की यांचें.

निर्णय लागला तो इटलीनें डच शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें ३० एप्रिल १९९६ रोजीं सोडलेल्या 'बेप्पोसॅक्स' उपग्रहामुळें. त्याचा एक क्ष-किरण कॅमेरा भिंगावर नव्हे, तर छायेवर चाले. जाळीच्या खिडकींतून पडलेल्या कवडशांवरून सूर्य कोठें आहे हें सांगतां येतें, तशीच ही युक्ति. २८ फेब्रुवारी १९९७ रोजीं मृगाच्या तारकासमूहांत एक स्फोट झाला व मिनिटा-दीड मिनिटांत विझला. आठ तासांनीं उपग्रहाच्या सूक्ष्म दुर्बिणी तिकडे वळविल्या, तों तेथें क्ष-किरणांचा एक नवा बिंदू तेवत होता. तीन दिवसांनीं त्याचें तेज विसाव्या हिश्श्यावर आलें. मध्यंतरीं यान फान पाराडाइस यांच्या डच गटानें, स्फोटानंतर २१ तासांच्या आंत, कॅनरी बेटांतील विल्यम हर्शेल दुर्बिणींतून त्या जागेचें छायाचित्र घेवविलें होतें. ८ मार्चला दुसरें घेतलें. पहिल्यांतील एक अंधुक ठिपका दुसऱ्यांतून नाहींसा झाला होता!

हीच उत्तरप्रभा. स्फोटांतून प्रकाशाच्या जवळपास वेगानें सुटलेलें द्रव्य भोंवतालच्या विरळ वायूवर आदळतें व तापून चमकतें. आधीं क्ष-किरणांत, मग दृश्य प्रकाशांत, शेवटीं रेडिओ-लहरींत. ८ मे १९९७ च्या स्फोटाची उत्तरप्रभा हवाई बेटांतील केक दुर्बिणीनें तपासली. तिच्या वर्णपटावरून तो प्रकाश निदान ७ अब्ज वर्षांपूर्वीं, म्हणजे सूर्य जन्मण्याच्याही आधीं, निघाला असल्याचें दिसलें. पाचिन्स्की यांचा पक्ष खरा ठरला. लॅम्ब यांना हसण्याचें मात्र कारण नाहीं. एवढ्या अंतरावरून दिसण्यास लागणारी शक्ति कोणालाही अविश्वसनीयच वाटली असती. पुढें कारणेंही उलगडलीं: लांबणारे स्फोट बहुधा प्रचंड ताऱ्यांच्या कोसळण्याचे, दोन सेकंदांहून कमी टिकणारे बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोड्या एकमेकांवर आदळून होणारे. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं अशाच एका टकरीच्या गुरुत्वतरंगांपाठोपाठ अवघ्या १.७ सेकंदांत फर्मी उपग्रहानें गॅमा-किरण टिपले.

आठ तास हा विलंबही फार होता. म्हणून २० नोव्हेंबर २००४ रोजीं सोडलेल्या 'स्विफ्ट' उपग्रहाची रचनाच अशी केली, कीं स्फोट दिसतांच त्यानें पृथ्वीवरील आज्ञेची वाट न पाहतां दीड मिनिटाच्या आंत स्वतः वळावें व जागेचे आंकडे खालीं धाडावेत. १९ मार्च २००८ च्या त्यानें टिपलेल्या एका स्फोटाची प्रभा तर ७ अब्ज प्रकाशवर्षांहून दूर असूनही, काळोख्या आकाशांत नुसत्या डोळ्यांनीं क्षणभर दिसण्याजोगी होती.

अशी वर्दी आली, तरी त्या वेळीं रात्र कोठें आहे हा प्रश्न उरतोच. अमेरिकेंत दिवस असेल तर तेथील दुर्बिणी निरुपयोगी. अशा वेळीं लडाखांतील हानले येथें, भारतीय खगोलभौतिकी संस्था व मुंबईची आय. आय. टी. यांनीं मिळून उभारलेली ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण कामास येते. आकाश निरभ्र असलें, तर ती त्या विझत्या ठिपक्याकडे वळते.